उघडझाप (भाग ९) : रेशीम की दूध?

गेल्या आठवड्यातला अ‍ॅपर्चरचा भाग वाचून अकोल्याच्या एका वाचकांनी विचारलंय, "कॅलेंडरवरचा धबधबा रेशमासारखा दिसतो. मी काढला की काचेचा चुरा सांडल्यासारखा दिसतो. कॅमेरा बदलू का?"

कॅमेरा राहू द्या. बदलायचा आहे तो शटरचा वेळ.

थोडं शाळेतलं गणित. पाच मीटरवरून पडणारा थेंब साधारण एका सेकंदात खाली येतो आणि तळाशी त्याचा वेग सेकंदाला १० मीटरच्या आसपास असतो. तिथे १/१००० सेकंदात तो जेमतेम १ सेंटिमीटर सरकतो, म्हणून फोटोत थेंबच दिसतो. हा झाला तुमचा काचेचा चुरा. पण पडण्याच्या शेवटच्या अर्ध्या सेकंदात तोच थेंब पावणेचार मीटर कापतो. तेवढा वेळ शटर उघडं असेल तर प्रत्येक थेंब एक चकाकती रेघ ओढतो. अशा असंख्य रेघा एकावर एक पडल्या की त्यांचं रेशीम होतं.

एकोणिसाव्या शतकात हे रेशीम हौसेचं नव्हतं, नाइलाजाचं होतं. तेव्हाच्या काचेच्या प्लेटा इतक्या मंद होत्या की एका फोटोला कित्येक सेकंद लागत. कार्लटन वॉटकिन्सने १८६१ साली योसेमिटीत काढलेल्या फोटोंत वाहतं पाणी मऊ दिसतं ते त्यामुळेच. आज आपल्याला तोच मंदपणा मुद्दाम आणावा लागतो.

त्यासाठी वऱ्हाडात चिखलदऱ्यासारखी जागा नाही. कीचकाला मारून भीमाने जिथे अंग धुतलं अशी कथा आहे, ते भीमकुंड इथलंच. मात्र वेळ साधावी लागते. पहिल्या पावसाचं पाणी गढूळ असतं. त्याचं रेशीम चहासारखं दिसतं. जुलै-ऑगस्टच्या झडीत धुकं उतरलं तर दरीच दिसत नाही. माझी आवडती वेळ पोळ्याच्या आसपासची. पाणी निवळलेलं असतं, धार अजून भरलेली असते आणि दगडांवर हिरवं शेवाळ चढलेलं असतं. दिवाळीनंतर गेलात तर बऱ्याच ठिकाणी ओला दगड तेवढा भेटेल.

आभाळ भरून आलं की खूश व्हा. गर्द सावलीतल्या ओढ्यावर आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/११ ठेवलं की शटर १/८ सेकंदाच्या आसपास येतं. पोलरायझर लावला तर ओल्या दगडावरची पांढरी चमक जाते आणि प्रकाश आणखी दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) कमी होऊन १/३ ते १/२ सेकंद मिळतो. कडक उन्हात मात्र एफ/१६ लाही १/१२५ वरच अडकाल. तिथे एनडी फिल्टर हवा. हा काळसर काचेचा चष्माच समजा. सहा स्टॉपचा फिल्टर प्रकाश ६४ पटींनी कमी करतो, म्हणजे १/१२५ चा झाला सुमारे १/२ सेकंद. फिल्टर वाचवायला एफ/२२ वर जाऊ नका. छिद्र फार लहान झालं की चित्राची धार बोथट होते.

ट्रायपॉड हवाच. बटण दाबतानाही कॅमेरा हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा. पाणी हलावं आणि दगड मुळीच हलू नये. दगड नीट आला नाही तर लोक रेशीम म्हणणार नाहीत, हललेला फोटो म्हणतील.

आता मूळ प्रश्न : किती वेळ? चिखलदऱ्याच्या एका ओढ्यावर मी एकदा तीस सेकंदांचे फोटो काढत बसलो होतो. शेजारच्या टपरीवरचे काका स्क्रीनमध्ये डोकावले. म्हणाले, "हे तं दूध सांडल्यावानी दिसून राह्यलं जी. पानी कुठी गेलं?"

काकांचं बरोबर होतं. चिखलदऱ्याची रबडी उत्तम, पण ती वाटीतच शोभते. वेळ फार वाढला की रेघा एकमेकींत विरघळतात आणि उरतो नुसता पांढरा पट्टा. जोरकस धारेला १/८ ते १/४ सेकंद पुरतो. दगडांवरून रेंगाळणाऱ्या ओढ्याला अर्धा ते एक सेकंद द्या. भीमकुंडाची धार दरीच्या पलीकडून टिपताना आणखी थोडा वेळ चालतो, कारण लांबून तेच पाणी चौकटीत कमी सरकतं. थोडक्यात, आकडा पाण्याला विचारायचा. एक फोटो काढा, मोठा करून पाहा. धारेतले पदर वेगळे मोजता आले तर वेळ जमला.

मोबाइलवाल्यांनीही हिरमुसू नये. आयफोनवर २०१७ पासून लाइव्ह फोटोला 'लाँग एक्स्पोजर' करता येतं. तो दोन-तीन सेकंदांच्या चित्रांची सरासरी काढतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनच्या प्रो मोडमध्ये शटर स्वतः ठरवता येतं.

आणि शेवाळलेल्या खडकावर पाय ठेवण्याआधी दोनदा विचार करा. वर डोंगरात पाऊस झाला की ओढा सांगून चढत नाही.

या आठवड्याचा अभ्यास : चिखलदरा लांब पडत असेल तर शेतातल्या मोटारीची धार हौदात पडताना गाठा. १/५००, १/६०, १/८ आणि १ सेकंद असे चार फोटो काढा, जागा न बदलता. चारही शेजारी ठेवा. पाणी कोणत्या फोटोत आहे आणि दूध कोणत्या, ते घरच्यांना विचारा. त्यांना शटर माहीत नसतं, पण धार रोज दिसते.

पुढच्या भागात : धुक्यातला फोटो करडा का येतो?