अंगठ्याची हालचाल : हाताच्या कार्यक्षमतेची मोजपट्टी

हाताच्या बळास खरा उपयोग प्राप्त होतो तो अंगठ्यामुळे. डिचोली तालुक्यातील शिरगावात काजूच्या हंगामात बोंडूपासून बी वेगळी करताना, कोयता चालविताना किंवा श्री लईराई देवीच्या जत्रेत धोंड वेताची काठी धरतात तेव्हा अंगठा बोटांसमोर येतो, म्हणूनच पकड साधते. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत संपूर्ण तर्जनी गमावल्यास कमाईच्या क्षमतेची १४ टक्के, तर अंगठा गमावल्यास ३० टक्के हानी धरलेली होती.

अंगठा शाबूत असूनही त्याची हालचाल मंदावू शकते. जखम, भाजल्याचा व्रण, सांध्याची झीज, मनगटातील मज्जातंतूवरील दाब आणि कुष्ठरोग ही त्याची काही कारणे होत. माणूस दुसऱ्या हाताने काम भागवितो आणि दोष उशिरा ध्यानात येतो.

ही हालचाल मोजण्याची सोपी पद्धत फ्रेंच शल्यविशारद कापांजी यांनी १९८६ मध्ये मांडली. तीस उपकरण लागत नाही. हाताची बोटे हीच मोजपट्टी. बोटांच्या पेरांवर अंगठ्याने जपसंख्या मोजणाऱ्यांस ती परकी वाटणार नाही. अंगठ्याचे टोक तर्जनीच्या मुळाकडील पेराच्या कडेस टेकल्यास १ गुण, मधल्या पेराच्या कडेस टेकल्यास २. तर्जनीच्या टोकास ३, मध्यमेच्या ४, अनामिकेच्या ५ व करंगळीच्या टोकास ६. पुढे करंगळीवरूनच खाली येत वरच्या सांध्याच्या वळीस ७, मधल्या सांध्याच्या वळीस ८, मुळाशी ९ आणि त्याखालील तळहाताच्या आडव्या रेषेस १० गुण.

अंगठा तळहातावरून सरपटत न नेता कमानीसारखा उचलून न्यावा. एरवी गुण फसवे ठरतात. दोन्ही हातांची तुलना करावी. या पद्धतीने पकडीचे बळ वा स्पर्शज्ञान कळत नाही. त्यांची तपासणी निराळी असते.

एका हाताचे गुण दुसऱ्यापेक्षा कमी भरल्यास, अथवा बधिरपणा किंवा त्वचेवर न जाणवणारा चट्टा असल्यास, आरोग्य केंद्रात जाण्यास विलंब लावू नये. कुष्ठरोगावरील औषधे तेथे विनामूल्य मिळतात आणि वेळीच उपचार झाल्यास हाताचे व्यंग टळू शकते. शिक्षकांनी ही चाचणी वर्गात करून दाखविल्यास ती घरोघरी पोहोचेल. निदान मात्र डॉक्टरांनीच करावयाचे असते.