वृक्ष उपकराची ओळ

मुंबईतल्या मालमत्ता कराच्या बिलात मलनिःसारण कर, शिक्षण उपकर, रोजगार हमी उपकर यांच्या रांगेत 'वृक्ष उपकर' अशी एक ओळ असते. रक्कम किरकोळ असल्यामुळे तिच्यावर कुणाची नजर थांबत नाही. पण शहरातल्या झाडांच्या नावाने आपल्याकडून थेट वसूल होणारा पैसा हाच.

या उपकरामागे 'महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५' आहे. त्याच कायद्याने वृक्ष प्राधिकरण उभं राहिलं. महापालिकेत त्याचे अध्यक्ष आयुक्त असतात. झाड तोडायचं तर परवानगी घ्या, दर पाच वर्षांनी झाडं मोजा, रोपवाटिका चालवा, अशी कामं त्याच्याकडे आहेत. मुंबईच्या २०१८च्या गणनेत सुमारे २९.७५ लाख झाडं भरली. त्यातली रस्त्याकडेची जेमतेम १.८५ लाख, बाकीची बहुतेक सोसायट्यांच्या आणि सरकारी आवारांत. म्हणजे भर उन्हात बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला सावली देणारी झाडं फार थोडी आहेत आणि सगळ्यात जास्त मारही तीच खातात.

पावसाळ्यापूर्वी छाटणी सुरू होते. शिडीची गाडी येते, रस्ता अडतो, काम उरकण्याची घाई असते. तारांच्या बाजूची फांदी मधेच कापली जाते आणि हातभर खुंट उरतो. तो वाळतो, त्यातून बुरशी आत शिरते आणि काही वर्षांत तिथे ढोली पडते. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे सालीला वळ्या पडलेला एक फुगीर भाग असतो. त्याला धक्का न लावता लगत काप घेतला, तर झाड चहूबाजूंनी नवं लाकूड धरून ती जागा झाकून टाकतं. अमेरिकेच्या वनसेवेतले अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडं चिरून दाखवलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. कुजका भाग झाड आतल्या आत कोंडून घेतं आणि पुढे वाढतं. काप चुकला की हे कोंडणंही अवघड होतं. म्हणून करवत कुणाच्या हातात आहे याला महत्त्व आहे. झाड जाणणाऱ्या माणसावर केलेला खर्च मला उधळपट्टी वाटत नाही.

जमिनीखालची गोष्ट याहून वाईट आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेला पर्जन्यवृक्ष आणि मादागास्करचा गुलमोहर यांची मुळं खोल जाण्यापेक्षा आडवी पसरतात. केबलसाठी फुटपाथलगत चर खणला की ती तुटतात, वरचा डेरा मात्र तेवढाच राहतो. त्यात बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवलेले. बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीपुरता २०१३मध्येच दिला होता. आळं मोकळं करायला घमेलं, पहार आणि दोन माणसं पुरतात. पण हे काम कुठल्या उद्घाटनात मिरवता येत नाही, म्हणून ते मागे पडतं.

वृक्षारोपणाचे आकडे मात्र दरवर्षी मोठे असतात. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला, आणि तोडलेल्या झाडाचं वय जितकं तितकी नवी झाडं लावून सात वर्षं सांभाळण्याची अट घातली. हेतू चांगलाच आहे. पण ती पन्नास रोपं बहुधा दुसरीकडेच कुठे तरी लागतात आणि बसथांबा उन्हात राहतो. सात वर्षांची ही देखरेख उभ्या झाडांनाही मिळायला हवी: बुंध्यावर ठोकून पोकळपणा तपासणं, वाळवी पाहणं, एका बाजूने कापून कललेल्या झाडाचा भार हलका करणं.

वृक्ष उपकराच्या ओळीसोबत यापुढे महापालिकेने दोन आकडे छापावेत: आपल्या वॉर्डात गेल्या वर्षी किती आळी मोकळी केली आणि किती झाडं तपासली.