गाडीचा पिवळा दिवा काय सांगतो?

आखाजी असो, दिवाळी असो की मामाकडचं लग्न, कडोदऱ्यातली आपली मंडळी गाडी काढतात आणि बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर करत खान्देश गाठतात. गाडी बहुधा जुनी, सेकंडहँड घेतलेली. अशा वेळी डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला की घरात दोन तट पडतात: ‘काही होत नाही, चला’ आणि ‘आधी गॅरेज’. तिसरा मार्ग आहे, तो म्हणजे गाडीलाच विचारायचं.

अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये ओबीडी-२ ही स्वतःचे दोष नोंदवणारी यंत्रणा सक्तीची झाली. मूळ हेतू धुरावर लक्ष ठेवण्याचा. आपल्याकडे एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज ४ आधी १३ शहरांत आलं. त्यात सुरत होतं, तसंच पुणे आणि सोलापूरही. तेव्हापासून या गाड्यांत ओबीडी आणि २०१३ पासून ओबीडी-२ आलं. त्याआधीच्या काही गाड्यांत दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजून कोड काढतात. जुन्या सुझुकी गाड्यांत एकदा, मग थांबून दोनदा, म्हणजे १२ आलं, तर सारं ठीक.

नव्या पद्धतीत स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात छोटा ब्लूटूथ स्कॅनर लावून चावी ‘ऑन’ केली की मोबाइलवर कोड दिसतो. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स. पुढे ० असेल तर कोड सर्व कंपन्यांना समान, १ असेल तर त्या कंपनीचा खास. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल, तर इंजिन बंद आणि थंड असताना पहिली आणि दुसरी कॉइल आपसात बदलून बघा. कोड पी०३०२ झाला, तर दोष कॉइलचा.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कोड लक्षण सांगतो, बदलायचा पार्ट नाही. माझ्या २०१२च्या गाडीत पी०१७१ आला, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. एका गॅरेजवाल्यानं ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगितलं. मी आधी रबरी नळ्या तपासल्या. एक व्हॅक्यूम पाइप तडकलेला निघाला. तो बदलला, दिवा गेला, सेन्सर आजही तोच आहे.

मुलांनो, हे काम बाबांसोबत नक्की करा, पण तीन नियम पाळा. कोड पुसण्याआधी तारीख आणि किलोमीटरसह वहीत लिहा, कारण पुसल्यावर दोषाच्या क्षणाची नोंदही जाते. चालत्या गाडीत दिवा लुकलुकू लागला, तर वेग कमी करून बाजूला थांबा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या नळीतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापवतं आणि बिघडवतं. आणि ब्रेक किंवा एअरबॅगचा दिवा असेल, तर सरळ जाणकार मेकॅनिक गाठा.

जुनी गाडी घेतानाही स्कॅनर सोबत न्या. कोड एकही नाही, पण बऱ्याच चाचण्या ‘अपूर्ण’ दिसल्या, तर कोड नुकतेच पुसले असण्याची किंवा बॅटरी काढली असण्याची शक्यता असते. मग विकणाऱ्याला कारण विचारा आणि काही दिवसांनी पुन्हा तपासा.

गावी जायचं असेल, तर निघण्याच्या दोन दिवस आधी पाच मिनिटं काढा. कोंडाईबारीच्या घाटात लेकराबाळांसह थांबण्यापेक्षा आपल्या अंगणात दोष सापडलेला बरा.