गार आहे, पण वारा लागत नाही

अॅम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनीत डॅशबोर्डखाली मागाहून बसवलेला एसी मंद वाहू लागला की बहुतेक जण आधी गॅस भरून घेतात. गॅसने थंडावा वाढतो, वारा नाही. आधी ब्लोअरच्या टर्मिनलवर व्होल्टमीटर लावा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 14 व्होल्ट आणि ब्लोअरवर जेमतेम 11 दिसले, तर फरक जुन्या बारीक वायरीत आणि झिजलेल्या स्विचमध्ये मुरतोय. बॅटरीपासून जाड वायर, तिच्या सुरुवातीलाच फ्यूज आणि मध्ये रिले, एवढ्यानेच पंखा जोमाने फिरतो. मूळ डायनॅमो असेल, तर अल्टरनेटर बसवणं उत्तम. सिग्नलला गाडी उभी राहिली की डायनॅमोची वीज पुरत नाही.

मग इव्हॅपोरेटर पाहा. ओल्या जाळीवर धूळ आणि केस बसून थर तयार होतो. तो मऊ ब्रशने, पाण्याने काढा. डक्टच्या सांध्यांवरचा फोम भुगा झालेला असतो, तोही बदला. सुरुवातीला चांगला असलेला वारा अर्ध्या तासाने मंदावत असेल, तर जाळीवर बर्फ धरतोय: थर्मोस्टॅट तपासा.

गॅस काढायचाच झाला, तर यंत्राने सिलिंडरमध्ये घ्यायला लावा. जुना आर-12 ओझोनचा थर विरळ करतो, तो हवेत सोडू देऊ नका.