चेंडू हलका, गवत जड

मिशिगनमध्ये थंडी पडली की गोल्फची मैदानं बंद होतात आणि माझ्या आतेभावाचं तळघर उघडतं. समोर जाड कापडाचा पडदा, पायाखाली हिरवी चटई, छताला प्रोजेक्टर. क्लब खरा, चेंडू खरा, मैदान तेवढं पडद्यावरचं, म्हणजे घरगुती सिम्युलेटर. मागच्या हिवाळ्यात त्याचा फोन आला, “अगं, नवा कॉम्प्युटर घेतला, भारीतलं कार्ड टाकलं, तरी झाडं अडखळतायत!” झाडं अडखळतात म्हणजे काय, हे समजून घेता घेता मीच या विषयात अडकले. आयुष्यात गोल्फचा क्लब हातात न धरलेल्या बाईनं जमवलेला हा ऐवज आहे. गोड मानून घ्या.

‘शुभ प्रभात’पेक्षा छोटा निरोप

बहुतेकांना वाटतं, चेंडू कुठे गेला ते मोजणं हेच कॉम्प्युटरचं मोठं काम. छे! ते काम लाँच मॉनिटर नावाची डबी करते. कॅमेरावाली डबी बहुधा चेंडूच्या शेजारी बसते, रडारवाली सहा-आठ फूट मागे. क्लब आणि चेंडू यांची गाठभेट जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदाची. तेवढ्यात जे काय झालं, त्यातून डबी चेंडूचा वेग, वर चढण्याचा कोन, डावी-उजवी दिशा, फिरकी आणि त्या फिरकीच्या आसाचा कल असे मोजके आकडे काढते आणि कॉम्प्युटरकडे पाठवते. आमची आत्या रोज सकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर जो फुलांचा गुच्छ टाकते, तो याच्या कित्येक पट जड असतो.

बरं, त्या आकड्यांवरून चेंडूचा मार्ग काढायचं गणित तरी अवघड? तेही नाही. एडिंबरा विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ पीटर गथ्री टेट यांनी १८९० च्या दशकात हा प्रश्न कागदावरच सोडवायला घेतला होता. चेंडूला उलटी फिरकी मिळाली की हवा त्याला उचलून धरते, म्हणून तो नुसत्या फेकलेल्या दगडापेक्षा जास्त वेळ वर राहतो, हे त्यांनी दाखवलं. घरातच उत्तम खेळाडू होता. त्यांचा मुलगा फ्रेडी १८९६ आणि १८९८ मध्ये ब्रिटनची अमॅच्युअर स्पर्धा जिंकला. कॉम्प्युटर वगैरे काही नव्हतं, बापलेक होते.

मग महागडं ग्राफिक्स कार्ड लागतं कशाला? गवतासाठी.

पन्नास कोटी ठिपके

पडद्यावरचं गवत सपाट हिरवा रंग नसतो. पाती असतात, पात्यांना सावल्या असतात, झाडाला पानं, पानांआडून ऊन, तळ्यात त्या सगळ्याचं प्रतिबिंब. हे चित्र सेकंदाला साठ वेळा नव्यानं काढायचं. साध्या फुल एचडी चित्रात सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, फोर-के चित्रात बरोबर चौपट, म्हणजे जवळपास ८३ लाख. त्याला साठानं गुणा. सेकंदाला पन्नास कोटींच्या आसपास ठिपके! चेंडू बिचारा त्यातल्या चार-दोन ठिपक्यांचा धनी.

त्यामुळे दुकानात जाण्याआधी नजर छताकडे टाकावी. तिथला प्रोजेक्टर फुल एचडी असेल, तर फोर-के झेपणारं सगळ्यात महाग कार्ड घेणं म्हणजे दोन माणसांच्या घरात पन्नास पानांचं पातेलं आणण्यासारखं. आधी प्रोजेक्टर, मग कार्ड. बहुतेक जण उलटं करतात.

पाणी काढायला सोपं

गवताचं हे दुखणं जुनं आहे. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या अ‍ॅक्सेस सॉफ्टवेअरनं कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरसाठी ‘लीडर बोर्ड’ हा गोल्फचा खेळ काढला. त्या यंत्राची मेमरी अवघी ६४ केबी. तिथे झाडं, टेकड्या काढणार कशा? बनवणाऱ्यांनी अख्खं मैदान पाण्यातल्या हिरव्या बेटांचं केलं. बेट सोडून उरलेला सगळा पडदा निळा! मला ही युक्ती आजच्या कुठल्याही फोर-के देखाव्यापेक्षा जास्त आवडली.

१९९२ मध्ये त्याच मंडळींनी ‘लिंक्स ३८६ प्रो’ आणला. कुठला प्रोसेसर हवा ते नावातच छापलेलं, ३८६ च्या खालच्या यंत्रावर तो चालणारच नाही. शिवाय तेव्हा नवलाईचं असलेलं सुपर व्हीजीए कार्ड हवं. गोल्फच्या हौसेपायी कॉम्प्युटर बदलायची वेळ येणारा आमचा आतेभाऊ पहिला नव्हे, हे त्याला सांगितलं तेव्हा त्याला जरा बरं वाटलं.

याच घराण्यातून पुढे ट्रूगोल्फ ही सिम्युलेटर कंपनी आली. तिचं ‘ई६ कनेक्ट’ आज कितीतरी घरांत चालतं. तिचे प्रमुख ख्रिस जोन्स हे एकेकाळी अ‍ॅक्सेसच्याच कॉम्प्युटर खेळांत टेक्स मर्फी नावाचा गुप्तहेर साकारत होते, तेही स्वतःच्या चेहऱ्यानिशी. गुप्तहेर ते गोल्फ, चार-पाच सीडींची मालिका निघेल यावर.

नाव सोनुबाई

लॅपटॉप घेणाऱ्यांनी इथे थांबावं. आरटीएक्स ३०६० हे कार्ड २०२१ मध्ये आलं. डेस्कटॉपसाठी आलं तेव्हा त्यावर १२ जीबी मेमरी होती. त्याच नावाच्या लॅपटॉप कार्डावर ६ जीबी. पुढे आरटीएक्स ४०९० आलं, तिथेही डेस्कटॉपला २४ जीबी आणि लॅपटॉपला १६. वर डेस्कटॉपवालं ४५० वॅट वीज खातं, लॅपटॉपच्या चिमुकल्या पोटात तेवढी ऊब मावणारच नाही, म्हणून त्याला याच्या निम्म्याहूनही कमी विजेवर भागवावं लागतं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. लॅपटॉप घेऊ नये असं नाही, पण खोक्यावरचं नाव वाचून थांबू नये. आणि खेळताना चार्जर लावलेला असावा, बॅटरीवर तो आणखी ढेपाळतो.

मॅकवाल्यांसाठी एकच ओळ: ‘जीएसप्रो’ हे घरगुती खेळाडूंचं लाडकं सॉफ्टवेअर विंडोजसाठी आहे, आणि अ‍ॅपलनं २०२० मध्ये स्वतःची चिप आणल्यापासून नव्या मॅकवर बूट कॅम्पनं विंडोज टाकायची सोय गेली. आयपॅड असेल तर ‘ई६’ची आयपॅडवरची आवृत्ती आहे, गवत जरा कमी दाट.

अडीच चित्रांत धाड्‌!

सेकंदाला १४४ चित्रं, २४० चित्रं, असल्या जाहिरातींना भुलू नका. अव्वल व्यावसायिकाचा ‘ड्रायव्हर’ या क्लबनं मारलेला फटका सेकंदाला साधारण ७६ मीटर वेगानं सुटतो. पडदा तीन मीटरवर असेल, तर चेंडू तिथे ०.०४ सेकंदात पोचतो. तेवढ्यात साठच्या गतीनं प्रोजेक्टर दोन-अडीच चित्रं दाखवतो. आणि फटका मारताना खेळणाऱ्याची नजर पायापाशी असते, पडद्यावर नसतेच. धावत्या शत्रूवर गोळ्या झाडायच्या खेळात जास्त चित्रांचा उपयोग असेल, इथे साठ म्हणजे चैन.

बाकीची यादी छोटी. रॅम १६ जीबी, मैदानं साठवायला एक टीबीची एसएसडी, अलीकडचा सहा-आठ कोअरचा प्रोसेसर. कोअर मोजत बसण्यापेक्षा एका कोअरचा वेग बघावा.

यातली रॅम जास्त वाटते का कमी? ६ फेब्रुवारी १९७१ ला अ‍ॅलन शेपर्ड यांनी चंद्रावर खरोखरचे गोल्फचे चेंडू मारले. त्यांना तिथवर नेणाऱ्या अपोलोच्या मार्गदर्शक कॉम्प्युटरची बदलता येणारी मेमरी सुमारे ४ केबी होती. तळघरातल्या १६ जीबीच्या यंत्राकडे तिच्या चाळीस लाख पटींहून जास्त आहे. चंद्रावर अर्थात गवत नव्हतं.

वीज गेली, घुमट बसला

टायगर वूड्स आणि रोरी मॅकलरॉय यांच्या टीजीएल लीगमध्ये खेळाडू ६४ फूट रुंद, ५३ फूट उंच पडद्यावर चेंडू मारतात. जगातला सगळ्यात दिमाखदार सिम्युलेटर म्हणा ना. फ्लोरिडातल्या त्या जागेचा हवेनं फुगवलेला घुमट नोव्हेंबर २०२३ मध्ये वीजपुरवठा बिघडल्यानं खाली बसला, आणि जानेवारी २०२४ ची लीग ७ जानेवारी २०२५ ला सुरू झाली. कॉम्प्युटरसोबत यूपीएस घ्या म्हटलं की आतेभाऊ हसायचा. हे वाचून दाखवलं तेव्हा घेतला.

आणि ती झाडं

चार दिवस फोनवर आमचं सुरू होतं. कार्डाचे ड्रायव्हर बदलले, सावल्या कमी केल्या. लांब एचडीएमआय केबल फोर-केला दगा देते म्हणून त्यानं फायबरची केबल आणली. तिला दिशा असते, एक टोक कॉम्प्युटरचं, दुसरं प्रोजेक्टरचं. ती यानं उलटी लावली आणि चित्रच गेलं. सुलटी केली, चित्र आलं, झाडं अडखळतीच. शेवटी मी म्हटलं, “खोक्याच्या मागचा फोटो पाठव.”

फोटो आला. ग्राफिक्स कार्डाची सगळी भोकं रिकामी, केबल वरच्या बाजूला मदरबोर्डच्या भोकात. म्हणजे भारीतलं कार्ड नुसतं बसून होतं आणि प्रोसेसरमधलं फुकटचं चिमूटभर ग्राफिक्स एकटं अख्खं रान उभं करत होतं.

केबल सहा इंच खाली आली. आता प्रत्येक पान लख्ख दिसतं, आणि आतेभावाचा चेंडू नेमका त्याच पानांत जातो.