जुनी डिझेल होडी घेण्यापूर्वी

कोकणातील खाडीकाठच्या शेतकऱ्याला होडी हे बैलगाडीइतकेच गरजेचे साधन वाटत आले आहे. भाताचा पेंढा, आंब्याच्या पेट्या, खताची पोती व प्रसंगी आजारी माणूसही तिच्यातून पैलतीरी जातो. पूल व रस्ते झाल्यामुळे हा उपयोग पूर्वीपेक्षा कमी झाला असला, तरी भातशेती आटोपल्यावर मासेमारी करून चार पैसे मिळविणारी कुटुंबे आजही पुष्कळ आहेत. इंजिनासह नवी होडी घेणे त्यांपैकी बहुतेकांच्या ऐपतीबाहेरचे असते. सबब जुनी होडी पाहण्याकडे कल असतो, आणि तो गैर नाही. नीट बांधलेली व निगा राखलेली सागवानी होडी पंचवीस वर्षांनंतरही उत्तम काम देते. मात्र जुन्या होडीच्या व्यवहारात फसगत झाली, तर ती एका हंगामाची राहत नाही. बागायत गहाण पडते.

भारतात मासेमारीच्या लहान होड्यांवर डिझेल इंजिने बसविण्याच्या कार्यास मोठी चालना मिळाली ती १९५२ साली झालेल्या भारत-नॉर्वे कराराने. केरळात कोल्लमजवळील नीण्डकरा येथे १९५३ पासून ते काम सुरू झाले. पुढे १९५७ साली कोची येथे केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली व तिने यांत्रिक होड्यांचे नमुने तयार केले. तेव्हापासून किनाऱ्यावर इंजिनाचे कौतुक इतके वाढले की, होडी पाहावयास गेलेला माणूस प्रथम इंजिन सुरू करावयास सांगतो आणि त्याच्या आवाजावरच सौदा ठरवितो. प्रस्तुत लेखकाकडूनही हीच चूक घडलेली आहे.

काही वर्षांपूर्वी जयगड खाडीच्या काठी राहणाऱ्या दोघा भावांनी मला पीककर्जाच्या कामासाठी बोलाविले होते. बोलता बोलता त्यांनी एका जुन्या होडीचा विसार दिल्याचे सांगितले व ती पाहण्यास नेले. होडीला नवा निळा रंग दिलेला, तळाला फायबरचे अस्तर चढविलेले, आणि इंजिन पहिल्याच फेऱ्यात सुरू झाले. मी मान डोलावली. आमच्यासोबत आलेले होडी बांधणारे वृद्ध सुतार मात्र इंजिनाकडे फिरकलेच नाहीत. त्यांनी एक लहान हातोडी घेतली आणि नाळेपासून मागपर्यंत होडी ठोकीत गेले. मागच्या बाजूला, इंजिनाच्या खाली, आवाज बसका येऊ लागला. त्यांनी मालकाची परवानगी घेऊन तळहाताएवढे अस्तर कापले. आतील फळी बोटाने उकरता येत होती. भावांनी विसारावर पाणी सोडले. मग मी इंजिनाला हात लावून पाहिला. आम्ही येण्यापूर्वीच ते तापवून ठेवले असावे, इतके ते गरम होते.

या प्रसंगावरून पाहणीचा क्रम मी कायमचा बदलला. इंजिन वाईट निघाले तर ते उतरवून दुसरे बसविता येते. होडीचा सांगाडा कुजला असेल तर दुरुस्ती म्हणजे जवळजवळ नवी होडी बांधणेच होय.

लाकडाची पाहणी

होडी पाण्याबाहेर असल्याशिवाय तिचा तळ कळत नाही. याकरिता पावसाळा उत्तम. जून व जुलै महिन्यांत मासेमारीस बंदी असते आणि होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात. इतर वेळी उधाणाच्या भरतीला होडी वर घेऊन ओहोटीला कोरडी पाडावी. पाण्यात तरंगत असलेल्या होडीचा सौदा करू नये.

प्रथम होडीच्या मागे दहा-पंधरा पावलांवर उभे राहून तिच्या तळाच्या मोठ्या लाकडाची रेषा पाहावी. नंतर त्या लाकडाखाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून धरावी. पुष्कळ जुन्या होड्यांची दोन्ही टोके खाली ओथंबलेली व मधला भाग कमानीसारखा वर आलेला असतो. दोन-तीन बोटांची कमान वर्षानुवर्षांची असू शकते व तीच कायम राहिली असेल तर भिण्याचे कारण नाही. परंतु कमानीबरोबर फळ्यांचे सांधेही उघडलेले दिसले, तर सांगाडा ढिला झाला आहे असे समजावे.

आता हातोडी. निरोगी लाकूड खणखणते. पोकळ वा कुजलेले लाकूड दबक्या आवाजाने बोलते. जेथे आवाज बदलेल तेथे खडूने खूण करावी व मालकाच्या संमतीने आरीने टोचून पाहावे. येथे एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते. लाकूड खाऱ्या पाण्याने जितके कुजते त्याहून अधिक पावसाच्या गोड्या पाण्याने कुजते. म्हणून तळाच्या फळ्यांइतकेच लक्ष वरच्या पाटाखालील कोपऱ्यांकडे, नाळेच्या आतील बाजूकडे आणि हवा न लागणाऱ्या कप्प्यांकडे द्यावे. पावसाचे पाणी तेथेच साचते.

खाऱ्या पाण्याचा शत्रू निराळा आहे. लाकूड पोखरणारा जो लांब, मऊ जीव होडीत शिरतो, त्यास आपण कीड म्हणतो. वस्तुतः तो शिंपल्यांच्या कुळातील आहे. पिल्लू असताना टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून तो आत जातो आणि आतल्या आत वाढत लाकडात बोटाएवढी भुयारे पाडतो. बाहेरून फळी अखंड दिसते. त्यामुळे तळाच्या लाकडावर बारीक छिद्रे दिसली की त्यांच्या आकारावर समाधान मानू नये. गोड्या पाण्यात हा जीव फार काळ तग धरीत नाही. तळाला काजूच्या टरफलांचे तेल नेमाने लावण्याची आपल्याकडील चाल याच शत्रूविरुद्ध आहे. ते तेल दरसाल लावले जात होते काय, हे विचारावे.

खिळ्यांकडे पाहावे. लोखंडी खिळ्याभोवती काळा डाग व भुसभुशीत लाकूड दिसत असेल तर गंज लाकडास खाऊ लागला आहे. एखाद-दुसरा खिळा बदलता येतो. ओळच्या ओळ तशी असेल तर फळी धरून ठेवण्यास काही उरलेले नाही.

फायबरचे अस्तर मुळात वाईट नाही. नव्या व कोरड्या लाकडावर चढविले तर ते कीड रोखते. जुन्या, ओल्या लाकडावर चढविले तर ओल आत कोंडते आणि कुज झाकली जाते. यास्तव अस्तर केव्हा व कोणत्या अवस्थेत चढविले, याचे समाधानकारक उत्तर मिळत नसेल, तर एखादे लहान भोक पाडून पाहण्याचा आग्रह धरावा. मालक नकार देईल तर तेही एक उत्तरच आहे. संपूर्ण फायबरच्या होडीत फोड, तडा व पायाखाली दबणारा पाट पाहावा. त्या होडीच्या पाटाखाली बहुधा लाकूडच असते.

पंखा व शाफ्ट

होडी कोरडी असतानाच पंखा हाताने धरून वर-खाली व बाजूंना हलवावा. शाफ्ट स्पष्ट खडखडत असेल तर बेअरिंग झिजले आहे. पितळी पंख्याची पाती खरवडून पाहिली असता पिवळ्याऐवजी गुलाबी रंग दिसला, तर त्या धातूतील जस्त निघून गेले आहे आणि पाते ठिसूळ झाले आहे. हे टाळण्यासाठीच पंख्याजवळ जस्ताचे तुकडे बसवितात. पंख्याऐवजी ते झिजावेत हा हेतू. ते अर्धे झिजलेले असणे चांगले. वर्षभर पाण्यात राहूनही कोरे करकरीत असतील तर कोणी त्यांच्यावर रंग फासला आहे किंवा त्यांचा धातूशी संबंधच जुळलेला नाही.

इंजिनाची पाहणी

आपल्या किनाऱ्यावर अशोक लेलँड, किर्लोस्कर, रस्टन इत्यादी बनावटींची इंजिने आढळतात. कोणत्याही बनावटीचे असो, त्याचे सुटे भाग जवळच्या बाजारात मिळतात काय, हे आधी मेस्त्रीस विचारावे. भाग मिळत नसल्यास इंजिन कितीही गोड चालो, हंगामाच्या ऐन मध्यावर होडी पंधरा दिवस धक्क्याला पडून राहील.

आपण येणार आहोत तेव्हा इंजिन थंड ठेवावे, असे मालकास अगोदर कळवावे, आणि पोहोचताच त्यास हात लावून पाहावा. झिजलेले इंजिन गरम असताना सहज सुरू होते, थंड असताना कुरकुरते. सुरू करण्यापूर्वी तेलाची काडी काढावी. डिझेल इंजिनाचे तेल काळे असणे स्वाभाविक आहे. ते दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. हँडलने फिरविता येणारे इंजिन असेल तर ते हाताने सावकाश फिरवून प्रत्येक सिलिंडरचा दाब अजमावावा. एक सिलिंडर अडतो आणि दुसरा पोकळ जातो, असे होता कामा नये.

धूर हा इंजिनाचा बोलका साक्षीदार आहे. थंडपणी थोडा पांढरा धूर येऊन तो थांबला तर चिंता नाही. गरम झाल्यावरही येत राहिला तर डिझेल न जळता बाहेर पडत आहे किंवा सिलिंडरमध्ये पाणी जात आहे. निळा धूर म्हणजे वंगण तेल जळत आहे. काळा धूर पूर्ण भार पडताच किंचित येतो, पण दाट येऊ लागला तर नोझल बिघडलेले आहे, हवा कमी पडते आहे किंवा पंखा इंजिनाच्या मानाने मोठा आहे. गरम इंजिनाचे तेल भरण्याचे झाकण सैल करून पाहावे. तेथून धापा टाकल्यासारखी हवा येत असेल तर रिंगा झिजल्या आहेत.

थंड करण्याच्या व्यवस्थेकडे सहसा कोणी पाहत नाही. जी इंजिने खाडीचे पाणी थेट आत घेतात, त्यांच्या पाण्याच्या वाटांत मीठ व गाळ साचतो. बाहेर पडणारे पाणी जोराने व सारखे येते काय, ते वाफाळलेले आहे काय, हे पाहावे.

पाण्यावरील चाचणी

धक्क्यावर नुसते फिरविलेले इंजिन कोणाचेही चांगले वाटते. होडी भक्कम दोराने बांधून, गिअर टाकून, हळूहळू वेग वाढवीत दहा मिनिटे चालवावी. नंतर तांडेलास घेऊन खाडीत तासभर फेरी मारावी. पुढे व मागे जाण्याचा गिअर अनेक वेळा बदलून पाहावा. फिरताना शाफ्टच्या पॅकिंगमधून मिनिटास काही थेंब पाणी येणे ठीक. धार येणे ठीक नाही.

याच फेरीत डिझेलचा खप मोजावा. टाकीची नळी काढून ५ लिटरच्या डब्यातून इंजिनास डिझेल द्यावे व घड्याळ लावावे. २० अश्वशक्तीचे सुस्थितीतील इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारणपणे ४.५ ते ५ लिटर डिझेल घेते. ते ७ लिटर घेऊ लागले, तर दिवसाला ६ तास व वर्षाला २०० दिवस धरून सुमारे २,४०० लिटर डिझेल जादा जळेल. स्वस्त मिळालेल्या इंजिनाची किंमत कित्येकदा अशा रीतीने दोन वर्षांत दुप्पट होते.

लाकडी होडी बरेच दिवस कोरडी राहून नुकतीच पाण्यात उतरविली असेल तर ती एक-दोन दिवस गळते. फळ्या फुगल्या की सांधे बसतात. यावरून तिला नाकारू नये. चार दिवसांनी तळ कोरडा करून रात्रभर ठेवावी व सकाळी पाणी मोजावे. फायबरची होडी मात्र फुगत नाही. तिची गळती आपोआप थांबत नाही.

कागदपत्रे

नोंदणी विक्रेत्याच्या नावावर आहे काय, होडीवरील व इंजिनावरील क्रमांक कागदांशी जुळतात काय, हे समक्ष पाहावे. मासेमारीकरिता महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली परवाना लागतो. प्रवासी नेण्यासाठी निराळी परवानगी लागते. मासेमारीच्या परवान्यावर उतारू घेऊ नयेत. पुष्कळ होड्या सहकारी संस्थेच्या किंवा बँकेच्या कर्जातून झालेल्या असतात. कर्ज फिटल्याचा लेखी दाखला संस्थेच्या कचेरीत स्वतः जाऊन घ्यावा. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

विसार देण्याचा प्रसंग आलाच, तर पावतीवर एक ओळ अवश्य लिहून घ्यावी: कोरड्या जागी सुताराने व पाण्यावर मेस्त्रीने तपासणी केल्यानंतर होडी पसंत न पडल्यास विसाराची रक्कम परत मिळेल. वर उल्लेखिलेल्या दोघा भावांच्या पावतीवर ही ओळ नव्हती. पुढील वर्षी त्यांनी लहान, पण निकोप लाकडाची होडी घेतली. तिचे इंजिन निळा धूर सोडीत होते. तेवढी रक्कम त्यांनी किमतीतून कमी करून घेतली आणि गणपतीनंतर इंजिन बदलले.