फॉन्ट जुना, फाईल मुकी : अंध वापरकर्त्यांचं अडतं कुठं?

ग्रामपंचायतीची नोटीस असो, भरतीची जाहिरात असो की शाळेचं परिपत्रक, सगळं आता मोबाईलवर येतं. डोळस माणूस वाचून मोकळा होतो. अंध माणसाच्या हातात तीच फाईल आली की बऱ्याचदा मुकी होते.

अंध व्यक्ती संगणक वापरतात तो ‘स्क्रीन रीडर’ या प्रकारच्या सॉफ्टवेअरवर. पडद्यावर काय आहे ते हा प्रोग्रॅम बोलून दाखवतो. माऊसची गरज नाही, सगळं काम कीबोर्डवर. वेबसाईटवर ‘एच’ दाबलं की पुढचं शीर्षक, ‘बी’ दाबलं की पुढचं बटण. सरावलेले लोक आवाजाचा वेग इतका वाढवतात की शेजारी बसलेल्याला एक शब्द कळत नाही.

अशी सॉफ्टवेअर पूर्वी फार महाग होती. ऑस्ट्रेलियात मायकल करन या अंध तरुणाने 2006 मध्ये स्वतःच एक लिहायला घेतलं. लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात भेटलेला मित्र जेम्स तेह, तोही अंध, सोबत आला. त्यातून ‘एनव्हीडीए’ उभं राहिलं. ते विंडोजवर फुकट चालतं, पेनड्राईव्हवरूनही चालतं. त्याचा कोड खुला आहे, म्हणजे कुणालाही त्यात भर घालता येते. सोबत येणाऱ्या ‘ईस्पीक एनजी’ या आवाजात मराठीही आहे. आवाज यंत्रासारखा आहे खरा, पण काम भागतं.

मग अडतं कुठं? स्क्रीन रीडरला डोळे नसतात. तो चित्र बघत नाही, आतला मजकूर मागतो. बटणाचं नाव काय, चौकटीत काय भरायचं, हे वेबसाईट बनवणाऱ्याने आत लिहून ठेवलेलं असेल तरच तो सांगणार. नसेल तर नुसतं ‘बटण, बटण’ ऐकू येतं. त्यातलं ‘सबमिट’ कोणतं आणि ‘रद्द’ कोणतं, हे ज्याचं त्याने ओळखायचं! वर चित्रातले आकडे ओळखायला सांगणारा कॅप्चा आला आणि त्याला आवाजाचा पर्याय नसला, तर अर्ज तिथंच थांबतो.

मराठीचं दुखणं आणखी वेगळं. आपल्याकडे अजूनही बरंच टायपिंग कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये होतं. पडद्यावर ‘मराठी’ दिसतं, पण फाईलच्या आत इंग्रजी अक्षरं असतात : ई, जे, के, बी, एच. फॉन्ट त्यांच्यावर फक्त मराठी रूप चढवतो. स्क्रीन रीडर आतलं वाचतो, त्यामुळे पानभर अगम्य बडबड ऐकू येते. युनिकोडमध्ये टाइप केलेलं असेल तर ‘मराठी’ हा शब्द आतही ‘मराठी’च असतो.

दुसरी सवय प्रिंट काढून, सही-शिक्का मारून स्कॅन करण्याची. अशी पीडीएफ म्हणजे कागदाचा फोटो. त्यात मजकूर उरतच नाही. माहिती सर्वांना वापरता येईल अशी देणं ही काही मेहेरबानी नव्हे. दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये तशी तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयानेही 30 एप्रिल 2025 च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

तालुक्याच्या ठिकाणी बसलेल्या टायपिस्टला यात फार मोठं काही करायचं नाही. युनिकोडमध्ये टाइप करायचं, वर्डमधून थेट पीडीएफ सेव्ह करायची. सहीची स्कॅन प्रत लागतेच, तर तिच्याबरोबर मूळ मजकुराची फाईलही द्यायची. शंका असेल तर दोन ओळी कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर पेस्ट करून बघाव्यात. तिथं इंग्रजी अक्षरांचा गोंधळ उमटला, तर अंध वाचकाच्या कानावरही तोच पडणार आहे.